हमाल बिडूफ

जुन्या कलाकृतीची नवी आवृत्ती काढताना मूळ कृती जशीच्या तशी ठेवावी की काळाप्रमाणे बदलावी, हा वाद आपल्याकडे नाटकांवरून होतो, चित्रपटांवरून होतो, क्वचित एखाद्या देवळाच्या जीर्णोद्धारावरूनही होतो. यंदा तो आमच्या वर्गात एका व्हिडिओ गेमवरून झाला आणि चांगला आठवडाभर चालला. विषय पाहून काही प्राध्यापक मंडळी हे पान उलटतील याची मला कल्पना आहे. त्यांना माझी विनंती एवढीच, की खेळ पोरकट असला तरी प्रश्न पोरकट नाही. तेव्हा थोडे थांबावे.

खेळाचे नाव 'पोकेमॉन'. २००६ साली जपानात त्याचे 'डायमंड' आणि 'पर्ल' असे दोन जोडखेळ निघाले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांचीच नवी रूपे 'ब्रिलियंट डायमंड' आणि 'शायनिंग पर्ल' या नावांनी बाजारात आली. गावे तीच, रस्ते तेच, माणसांची बोलणीही जवळजवळ तीच; फक्त चित्रे नव्या पद्धतीची, ठेंगण्या बाहुल्यांसारखी. आमच्या वर्गात यावरून दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे, मूळ जसेच्या तसे ठेवले म्हणून नवी आवृत्ती उत्तम. दुसऱ्याचे म्हणणे, मूळ जसेच्या तसे ठेवले म्हणूनच ती टाकाऊ. पंधरा वर्षांनंतर तेच द्यायचे तर दिलेत काय? दोन्ही पक्ष तावातावाने भांडत होते आणि मला वाटत होते की दोघांचेही गृहीतच चुकले आहे. मूळ जसेच्या तसे ठेवलेलेच नाही. नकाशा ठेवला आहे. खेळ बदलला आहे.

हे पटवून द्यायचे तर मुळापासून सांगावे लागेल.

सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांचा जन्म १९६५ चा. टोकियोजवळच्या माचिदा भागात त्यांचे बालपण गेले. त्यांना किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद. पुढे शहर पसरले, झाडी आणि तळी गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या आणि किडे दिसेनासे झाले. शहरातल्या मुलांना तो आनंद पुन्हा मिळावा, या कल्पनेतून पोकेमॉन जन्माला आला. दोन 'गेम बॉय' यंत्रे एका तारेने जोडता येतात हे पाहिल्यावर ताजिरींच्या मनात आले, की या तारेतून एका यंत्रातला किडा दुसऱ्या यंत्रात सरपटत जाईल. १९९६ साली पहिला खेळ निघाला तो त्यामुळेच जोडीने निघाला, एक 'रेड', एक 'ग्रीन'. काही प्राणी एकात सापडत, काही दुसऱ्यात. एकट्याने दीडशे जाती पुऱ्या करणे अशक्यच. काही प्राणी तर असे, की ते दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय मोठेच होत नाहीत. हॉन्टर नावाचे भूत देवघेव झाली तरच गेंगार बनते. कदाब्रा, मशोक आणि ग्रॅव्हलर यांचेही तसेच.

मुळशी तालुक्यात वाढलेल्या कोणालाही हे समजायला वेळ लागू नये. सोनकिडा पकडून काड्यापेटीत ठेवायचा, आत बाभळीचा पाला घालायचा, शाळेत ती पेटी दप्तरातून न्यायची आणि मधल्या सुट्टीत एक हिरवा देऊन एक तांबूस घ्यायचा, हा उद्योग आमच्या वाडीत माझ्या मामांनी केला आहे आणि थोडाफार मीही केला आहे. पोकेमॉनचा तो तांबडा-पांढरा चेंडू म्हणजे काड्यापेटीच की! आणि माचिदाचे जे झाले ते भूगाव, पिरंगुट, हिंजवडीकडे आमच्या डोळ्यांदेखत झाले. हा खेळ आम्हांला परका वाटला नाही तो उगीच नव्हे.

तर या खेळाचे मर्म काय? माझ्या मते त्यातली चित्रविचित्र जनावरे हे मर्म नव्हे. तुमचे तुमच्या जनावरावाचून अडते आणि तुमचे शेजाऱ्यावाचून अडते, हे मर्म. बाकी सगळे त्याच्या भोवती रचलेले आहे.

आमच्याकडे भातलावणीला सावड करतात. आज आमच्या खाचरात चार घरची माणसे, उद्या आम्ही त्यांच्या खाचरात. पैशाचा व्यवहार नाही. सावडीमागे कुणाचे मोठे औदार्य नसते. पाऊस थांबत नाही, रोप ताटकळत ठेवता येत नाही आणि एका घराला लावणी उरकत नाही, म्हणून सावड. अडले नसते तर माणसे बांधावर आलीच नसती. ताजिरींनी नेमके हेच अडणे खेळात मुद्दाम घातले, अशी माझी समजूत आहे. तेव्हा नव्या आवृत्तीची परीक्षा करताना ती नकाशाशी किती इमानी आहे हे मी आधी पाहत नाही. जुन्या खेळात जे अडत होते त्याचे तिने काय केले, हे पाहते.

आता उदाहरणे घेऊ.

नव्या आवृत्त्यांचा पायंडा २००४ साली 'फायर रेड' आणि 'लीफ ग्रीन' यांनी पाडला. आमच्या पिढीने तालुक्यात जो पोकेमॉन खेळला तो बहुतेक हाच, आणि तोही मोबाईलवर. जुन्या यंत्राचे सोंग आणणारे एक ॲप असते, त्यात. (प्रत कोणत्या वाटेने येई ते चाणाक्ष वाचकांनी ओळखावे.) या खेळाने १९९६ च्या दीडशे जाती निष्ठेने राखल्या, आणि इतक्या निष्ठेने राखल्या की त्यापायी एक विचित्र प्रकार करून ठेवला. गोल्बॅट नावाचे वटवाघूळ पुढच्या खेळांत, मालकावर त्याचा जीव जडला, की क्रोबॅट बनते. पण क्रोबॅट पहिल्या दीडशेत नव्हते. मग केले काय? गोल्बॅटचा जीव जडतो, तो चमकू लागतो, रूप पालटायला सुरुवात होते, आणि मधेच सारे थांबते. पडद्यावर नुसती टिंबे आणि प्रश्नचिन्ह. मुख्य कथा संपवून साठ जाती जमवल्याशिवाय त्याला मोठे होण्याची परवानगी नाही. यादीशी इमान राखायचे म्हणून जनावराच्या मायेला दारात उभे करायचे, याला मी निष्ठा म्हणत नाही. ही कारकुनी झाली.

याच्या उलट २००९ चे 'हार्ट गोल्ड' आणि 'सोल सिल्व्हर'. हे १९९९ च्या खेळाचे नवे रूप. यात तुमच्या जथ्यातला पहिला प्राणी तुमच्या मागोमाग चालतो. मागे वळून त्याच्याशी बोलता येते. त्या वेळेपर्यंतच्या सर्व ४९३ जातींसाठी अशी चालती चित्रे काढली होती. देवमाशाएवढ्या प्राण्यापासून मुठीत मावणाऱ्या किड्यापर्यंत. शिवाय खेळाबरोबर पावले मोजणारे एक छोटे यंत्र मिळे. त्यात एक प्राणी ठेवून खिशात घालून हिंडायचे. मूळ खेळात यातले काहीही नव्हते. मग हा मूळ कृतीचा अपमान झाला का? मी तर म्हणेन, काड्यापेटी प्रथमच खऱ्याखुऱ्या खिशात आली.

आमच्या मराठी विभागात बसून हे बोलताना 'कट्यार काळजात घुसली'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६७ चे दारव्हेकरांचे नाटक, अभिषेकीबुवांचे संगीत. २०१५ साली त्यावर चित्रपट आला, त्यात जुनी पदे राहिली आणि नवी गाणीही आली. 'सौभद्र'मध्ये तर मुळात शंभराहून अधिक पदे होती. ती सगळी म्हणायची तर रात्र सरेल, म्हणून पुढच्या मंडळींनी कात्री लावली. ते केल्याने किर्लोस्कर संपले नाहीत. पदे कमी झाली तरी सुभद्रेचा जीव टांगणीला लागलेला राहिला, प्रेक्षक बसून राहिला. पण समजा, कोणी सगळीच्या सगळी पदे ठेवून पहिल्याच अंकात सुभद्रेला सांगून टाकले, की बाई, हा संन्यासी म्हणजे अर्जुनच, काळजी करू नकोस; तर? पदांची संख्या बरोबर, नाटक मात्र गेले.

'शायनिंग पर्ल'मध्ये हेच घडले, आणि इथे बिडूफ येतो.

बिडूफ म्हणजे घुशीच्या अंगलटीचा, पुढे दोन मोठे दात असलेला, निरागस चेहऱ्याचा प्राणी. २००६ च्या खेळात वाटेतले झाड कापणे, दगड फोडणे, पाणी ओलांडणे, कडा चढणे अशा आठ विद्या होत्या. त्या तुमच्या प्राण्यांना शिकवाव्या लागत. एका प्राण्याला चारच विद्या येतात, आणि या विद्या एकदा शिकवल्या की सहजी विसरता येत नाहीत. त्यासाठी एका ठरावीक गावातल्या ठरावीक म्हाताऱ्याचे घर गाठावे लागे. सहा प्राण्यांच्या मिळून चोवीस जागा, त्यांतल्या आठ या कामांनी अडवलेल्या. मग खेळणारे काय करत? एक बिडूफ पकडत, त्याला किंवा मोठेपणीच्या बिबारेलला अशा शक्य तितक्या विद्या शिकवत आणि लढाईत कधीही पुढे न करता नुसता ओझ्याला बरोबर नेत. इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी अशा प्राण्याला गुलाम म्हटले. आम्ही हमाल म्हणत असू.

नव्या आवृत्तीने ही हमाली बंद केली. आता मनगटावरच्या घड्याळात एक बटण आहे. ते दाबले की रानातून कुठलासा अनोळखी बिडूफ धावत येतो, झाड कापतो आणि निघून जातो. तुमच्या जथ्यातल्या कोणाला काही शिकवायला नको.

माझ्या विरुद्ध पक्षाचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण ते हलके नाही. आमच्या वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "तुझ्या त्या नात्यात बिडूफचे काय होते गं? त्याला कोणी कधी लढू दिले? मोठा झाला तरी कामापुरता. बटण आले आणि त्याची सुटका झाली." दुसरा एक जण, जो सकाळी पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळी करून दुपारी तासाला येतो, म्हणाला, "माझ्याकडे दिवसाला अर्धा तास असतो. तो मी त्या म्हाताऱ्याचे घर शोधण्यात घालवू?" आणि घरी आईला सावडीची गोष्ट काढली तर ती काय म्हणेल हेही मला ठाऊक आहे. पॉवर टिलर आला तेव्हा तिची कंबर सुटली. चिखलात दिवसभर वाकून उभे राहण्याचे गोडवे जिने कधी पंधरा दिवस लावणी केली नाही तिने गाऊ नयेत, असे ती तोंडावर सांगते.

हे सगळे मान्य. त्रास म्हणजे पुण्य नव्हे. चार जागांपैकी एक जागा कायमची अडवणे ही वाईट रचना होती आणि ती गेली हे बरे झाले. पण त्रास काढताना त्यांनी गरजही काढून टाकली, हा माझा आक्षेप आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगळ्या करता येतात. माझ्या जथ्यात दातांचा, नखांचा, चोचीचा प्राणी असतो. जागा न अडवता, काही विसरायला न लावता, त्याच्याकडून ते झाड कापून घेता आले असते. बटण दाबावे आणि माझाच प्राणी पुढे यावा. असे करायला कोणती अडचण होती? गंमत अशी की याच आवृत्तीत, खेळ थोडा पुढे गेल्यावर, आपला प्राणी आपल्यामागे चालतोही. म्हणजे दृश्य असे दिसते: माझा लाडका प्राणी मागे उभा आहे, वाटेत झाड आडवे आहे, आणि ते कापायला रानातून परका बिडूफ येतो आहे. माझा नुसता बघतो आहे. आणि बिडूफची सुटका झाली म्हणावे तर तीही नाही. पूर्वी तो निदान आपला हमाल होता, त्याला नाव होते. आता तो रोजंदारीवरचा झाला. त्याचे नावही विचारायची गरज राहिली नाही.

अनुभवगुणांचेही असेच. पूर्वी जो लढे त्यालाच गुण मिळत. मॅजिकार्प नावाचा निरुपयोगी मासा विसाव्या पातळीपर्यंत सांभाळला तर त्याचा प्रचंड गॅराडोस होतो. पण तोवर त्याला प्रत्येक लढाईत आधी पुढे करायचे आणि मार बसण्याआधी मागे घ्यायचे. ज्याने हे केले त्याला तो गॅराडोस आयुष्यभर आठवतो. आता लढो न लढो, साऱ्या जथ्याला गुण मिळतात. मासा पाण्यात झोपून मोठा होतो. २०१४ च्या 'ओमेगा रूबी', 'अल्फा सफायर' या आवृत्त्यांतही अशी वाटणी होती, पण ती बंद करण्याची कळ होती. अर्धा तासवाल्या माझ्या वर्गबंधूने ती चालू ठेवावी, मी बंद ठेवीन, भांडण मिटले. २०२१ मध्ये ती कळच काढून टाकली. एक कळ! तिला खर्च तो कितीसा आला असता?

(त्या २०१४ च्या खेळातून लढायांचे एक मोठे क्रीडांगण गाळले म्हणून पुष्कळ आरडाओरडा झाला होता. मला त्याचे फारसे सुखदुःख नाही. इमारत गेली, एवढेच.)

आता माझ्याच पक्षाला अडचणीत आणणारा मुद्दा. शेजाऱ्यावाचून अडणे, हे मी मर्म म्हटले. पण आमच्या वाडीत ते कसे चाले? घरात मोबाईल एक, खेळणारे मी आणि माझा भाऊ असे दोघे. देवघेव करायला दुसरे यंत्र नाही; शेजारच्या घरी मोबाईल होता, पण आमच्या फुकटच्या ॲपमध्ये दोन खेळ जोडण्याची सोय नव्हती. परिणाम असा, की आमचा हॉन्टर कधीच गेंगार झाला नाही. पातळी साठ, सत्तर, ऐंशी. हॉन्टर तो हॉन्टर. आम्ही दोघे त्याला कारटे म्हणत असू, कारण तो मोठाच होईना. टोकियोच्या मुलासाठी जे अडणे मित्राच्या घरी जायचे निमित्त होते, ते आमच्यासाठी नुसती भिंत होती.

२०२२ च्या 'लेजंड्स आर्सियस'मध्ये यावर तोडगा निघाला. त्यात एक दोर मिळतो. तो वापरला की देवघेवीशिवायच हॉन्टरचा गेंगार होतो. भावाने ते ऐकले तेव्हा तो हरखला. "हे आधी का नाही सुचलं त्यांना?" असे त्याचे म्हणणे. मी हरखले नाही. माझे म्हणणे असे, की भिंत पाडायची तर दार करा. घरच पाडू नका. नव्या यंत्रावर दूरच्या माणसाशी देवघेव करायची तर कंपनीला वर्गणी भरावी लागते, शेजारी बसलेल्याशी फुकट होते. ही शेजारची देवघेव आणखी सोपी करा. एकाच यंत्रावर दोन भावंडांचे दोन डाव असतील तर त्यांना एकमेकांत देवघेव करू द्या. आज एकाच यंत्रावरच्या दोघांना समोरासमोर ती करता येत नाही, दुसरे यंत्र लागतेच. ज्या घरात एकच यंत्र आहे, त्या घराचा विचार खेळ रचणाऱ्याने करायला हवा, आणि तो केला तर दोराची गरज उरत नाही. अगदीच एकट्या पडलेल्या मुलासाठी दोर ठेवायचा तर ठेवा, पण तो शेवटी मिळू दे, पहिल्या बाजारात नको.

प्राध्यापक मंडळींपैकी एकांनी मला विचारले, की हे सगळे भातखाचरातून आलेले तर्कशास्त्र तू जपानी खेळावर का लादतेस? मला वाटते, मी लादत नाही. माचिदातल्या त्या मुलाने तळ्याकाठी जे पाहिले त्यापासून हा खेळ झाला, आणि तळे बुजल्यावर त्याने ते पुन्हा उभे केले. म्हणजे मूळ खेळ हीच एका हरवलेल्या गोष्टीची नवी आवृत्ती होती. त्याने तळ्याचे चित्र काढले नाही, झाडांची यादी दिली नाही. गवतात शिरल्यावर काय निघेल याची धाकधूक तेवढी उचलली, आणि 'मला एक दे, मी तुला एक देतो' हे वाक्य उचलले. नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी खुद्द त्याच्याकडूनच हे शिकायला हरकत नव्हती.

क्रमाने पाहता यानंतर पाळी २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' यांची येते, आणि त्यांची आवृत्ती निघालीच तर तिथे हा वाद अधिक चिघळेल असे मला दिसते. त्या खेळात १५६ नव्या जाती होत्या आणि मुख्य कथा संपेपर्यंत जुनी एकही जात भेटत नसे. पुष्कळ जण म्हणतील, पिकाचू पहिल्यापासून येऊ द्या. मी म्हणेन, येऊ देऊ नका. अनोळखी मुलखात अनोळखी जनावरांवरच अवलंबून राहावे लागणे हा त्या खेळाचा प्राण आहे. पण खरी कसोटी वेगळीच आहे. त्याची कथाच मुळी अशी, की एक तरुण विचारतो, तुम्ही प्राण्यांना चेंडूत कोंडता ते कोणत्या हक्काने? तो स्वतः प्रत्येक लढाईपुरते आसपासचे प्राणी सोबतीला घेतो आणि मग त्यांना सोडून देतो. ज्या खेळात हा प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारला आहे, त्यात रानातून बटणाने बोलावलेला बिडूफ झाड कापून निघून गेला, तर त्या तरुणाने त्याच्याकडे पाहून काय म्हणावे, हे संवाद लिहिणाऱ्याला ठरवावे लागेल.